मिठाचा बर्फ

पाणी तू तिच्याकडे मागितलंस.

उशाशी मी बसले होते. माझ्या हातात चमचा होता, चमच्यात गंगाजल, त्यावर तुळशीचं पान. सकाळपासून मी तुला हाका मारत होते. विमल, विमल, अगं विमे, डोळे उघड. तू ओठ मिटून पडलेलीस. दुपारी रागिणी आली. चपला काढून आत आली, पायाशी बसली, एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळाने तू डोळे उघडलेस, माझ्यावरून नजर पुढे नेलीस आणि म्हणालीस, "रागिणी, पानी दो."

तेही हिंदीत. या घरात आपण जन्मापासून एकमेकींशी मराठी बोललो. तुझं शेवटचं बोलणं हिंदीत झालं आणि माझ्याशी झालं नाही. रागिणीने हात पुढे केला. चमचा तिने हिसकावला नाही, मीच सोडला. दोन थेंब आत गेले, तिसरा हनुवटीवरून ओघळला. मग तुझा श्वास थांबला.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काय भाग्य, काशीत मरण आणि मुखात गंगाजल. असेल. मला मात्र रडू आलं नाही. तू अजून ऊन होतीस आणि मी त्या बाईच्या हातातल्या चमच्याकडे बघत होते. मत्सर वाटला मला. हे लिहिते, कारण गोड गोड लिहिलेलं तुला कधी आवडलं नाही. माझ्या पत्रातल्या "अनेक आशीर्वाद, इकडे सर्व कुशल"वरसुद्धा तू हसायचीस. आता तीन आठवडे उलटून गेलेत. सजवून लिहायला हात धजत नाही.

मत्सर नवा नाही. मी दहा वर्षांची होते तेव्हा आई अंथरुणाला खिळली. तू तीन वर्षांची, माझ्या कडेवर. नाना घाटावर विधी सांगायचे आणि पुण्या-नाशकाकडचे यात्रेकरू आपल्याच घरी उतरायचे. त्यांना जेवायला कोण घालणार? चौथीची परीक्षा झाली आणि माझं दप्तर माळ्यावर गेलं. तुझ्या वेळी आत्याने नानांना टोकलं, मुलीला इतकं शिकवून काय करणार. मी चुलीपाशी होते. नाना म्हणाले, "शिकू दे. एक तरी शिकू दे." ते "एक तरी" मला आजही ऐकू येतं. तुझ्या वेण्या मी घातल्या. तुझा डबा मी भरला. तुझ्या भूगोलाच्या वहीतल्या नद्या मी निळ्या रंगवल्या, कारण तुला कंटाळा यायचा. बक्षीस आणलंस तेव्हा पहिल्यांदा मला दाखवलंस हे खरं. मी "छान" म्हणाले आणि भात उतरवायला गेले. भात झालेला नव्हता.

मग माझं लग्न झालं, मुगलसरायला रेल्वेतला कारकून. एक्केचाळिसाव्या वर्षी कुंकू पुसून परत या घरात आले. आई-नाना गेले होते. तू विद्यापीठात शिकवत होतीस. तू एवढंच म्हणालीस, "अक्का, बरं झालं आलीस. मला वरण जमत नाही." दुसरी कोणी असती तर गळ्यात पडून रडली असती. तू विळी पुढे सरकवलीस. त्याचे उपकार मी विसरले नाही. पण उपकार वाटले म्हणून मत्सर जातो असं नाही. दोन्ही एकाच पाटावर बसतात.

मला साखर निघाली त्या वर्षी मी तुला पहिल्यांदा तुझ्या कामाचं विचारलं. डॉक्टर म्हणाला होता, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण अंग ते ऐकत नाही. मी म्हटलं, अंगाला काय कान असतात?

"असतात," तू म्हणालीस. वाटाणे सोलत होतीस. "पेशीच्या अंगावर बाहेरून कान असतात, हजारो. रक्तातून निरोप येतो, कान तो धरतो, आत खबर जाते. मग तो कान निरोपासकट आत ओढला जातो, एका पिशवीत."

"का?"

"नाहीतर तीच खबर आत जातच राहील. वाढ म्हटलं की पेशी वाढतच बसेल. निरोप ऐकणं जितकं गरजेचं, तितकंच ऐकणं थांबवणं."

"आत गेलेल्या कानाचं काय होतं?"

"आत निवाडा होतो. काही कान धुऊनपुसून परत वर पाठवतात. काही मोडीत काढतात, विरघळवून टाकतात. निरोप सारखा, दिवसरात्र येत राहिला तर मोडीत जास्त जातात आणि वर कान कमी उरतात. तुझ्या साखरेचं थोडंफार तेच आहे. इन्सुलिन सारखं हाका मारतंय आणि पेशींनी कान कमी केलेत."

"म्हणजे माझ्याच अंगातली माणसं मला बहिरी झाली."

"पूर्ण नाही. ऐकायला येतं, पण जास्त ओरडावं लागतं."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, यात पेशीची काही चूक नाही, ओरडणाऱ्याची चूक आहे. कोणी सारखं दार वाजवलं तर मी पण कडी लावीन. तू म्हणालीस, "अक्का, पेशीला राग येत नाही, कंटाळाही येत नाही. तिच्यात चूकबीक काही नसतं." मी म्हटलं, मग तुला काय ठाऊक, तू विचारलंस का तिला? हा वाद आपण तीस-पस्तीस वर्षं घातला. भाजी निवडताना, वाळवणं घालताना, रिक्षात. दोघींपैकी कोणी हरलं नाही.

आणखी एक मी विचारलं होतं. कोणता कान वर पाठवायचा आणि कोणता मोडायचा, हे ठरवतं कोण? तुझा हात वाटाण्यावर थांबला. "त्याच्यावर एक खूण लागते. खूण लागली तो मोडीत, नाही लागली तो परत वर."

"आणि खूण कोण लावतं?"

"तेच तर शोधतेय," तू म्हणालीस. तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हिला खायला नाही दिलं तरी चालेल. इतकं कशाचंच मला कधी वाटलं नाही. मी उठून कुकर लावला.

मग रागिणी आली. पंचवीस वर्षांची, जौनपूरकडची, दोन वेण्या आणि मोठा आवाज. तुझ्याकडे संशोधनाला लागली आणि आपल्या घरातच राहायला आल्यासारखी झाली. पायाला हात लावून आत यायची, "अक्काजी, आज क्या बना है?" म्हणून थेट झाकण उचलायची. माझ्या कपातून चहा प्यायची. तो कप माझा आहे हे तू तिला सांगितलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तुम्ही दोघी जेवताना बोलायला लागलात की त्यात इंग्रजी, हिंदी, आकडे. मी वाढायची. एकदा मी म्हटलं, विमे, मला इंग्रजी शिकव, निदान अक्षरं. तू म्हणालीस, "पुढच्या महिन्यापासून, अक्का, नक्की." रागिणीला तू रविवारीसुद्धा शिकवायचीस. माझा पुढचा महिना आला नाही.

त्या उन्हाळ्यात तुमच्या लॅबचं बर्फाचं मशीन बंद पडलं. बाजारातला बर्फ तुला चालेना, त्यात भुसा आणि माती. मी म्हटलं, घरी करते. स्टीलच्या डब्यांतून फ्रीजरमध्ये पाणी लावायचं, सकाळी डबे उलटे करायचे, टॉवेलात गुंडाळून बत्त्याने फोडायचं, मोठ्या थर्मासात भरायचं. तू सकाळी लवकर एक थर्मास न्यायचीस. दुसरा मी अकरा वाजता रिक्षाने न्यायची, गोदौलियाहून विद्यापीठाच्या दारातल्या लंका चौकापर्यंत, मांडीवर धरून. पदर ओला व्हायचा. रिक्षावाला म्हणायचा, "माताजी, कुल्फी बेचती हैं क्या?"

मला ते दिवस आवडले. हे तुला कधी सांगितलं नाही. लॅबच्या दारात स्टूल टाकून मी बसायची आणि तुम्ही काय करता ते बघायची. पेशी वाढवलेल्या प्लेटा बर्फावर ठेवायच्या. थंडीत पेशीचे कान निरोप धरतात, पण आत ओढत नाहीत, सगळं जागच्या जागी उभं राहतं. मग त्या प्लेटा अंगाइतक्या कोमट जागी न्यायच्या, घड्याळ लावायचं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. वेळ भरली की पुन्हा बर्फावर, की परत सगळं उभं. मग किती कान आत गेले ते मोजायचं. तू मला बजावलं होतंस, "अक्का, गार हवं, गोठलेलं नको. गोठलं की पेशी फुटते." मला समजलं होतं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं समजतं.

एका बुधवारी संध्याकाळी तू म्हणालीस, "उद्या रागिणीच्या प्लेटा आहेत, अक्का. तीन महिन्यांचं काम आहे पोरीचं. बर्फ चांगला बारीक आण, आणि उशीर करू नकोस."

मी उशीर केला नाही.

बर्फात मीठ घातलं की तो साध्या बर्फाहून कितीतरी गार होतो. आपल्याकडे भांड्यातली कुल्फी अशीच लावतात, तुलाही ठाऊक होतं. गुरुवारी मी बर्फ फोडला आणि थर्मासात दोन मुठी खडे मीठ टाकलं, मग चमच्याने हलवलं. थर्मास रागिणीच्या हातात दिला आणि घरी आले. स्टुलावर बसले नाही.

संध्याकाळी तू थर्मास घेऊन आलीस. मोरीत उरलेलं पाणी ओतता ओतता थांबलीस, त्यात बोट बुडवलंस, जिभेला लावलंस.

"अक्का, बर्फात मीठ?"

"जास्त गार राहावा म्हणून. ऊन केवढं असतं रिक्षात."

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग हसायला लागलीस. "घ्या! अक्काने माझ्या पेशींची कुल्फी करून टाकली!"

"माझ्या" म्हणालीस तू. मी लक्ष दिलं नाही. लॅबमधलं सगळंच तू माझं म्हणायचीस, भिंतीवरच्या पालीसकट. पुढे तीस वर्षं तू ही गोष्ट सांगितलीस. गणपतीत आलेल्या मराठी मंडळींना, पाहुण्यांना, बँकेतल्या जोशीबाईंना. सगळे हसायचे. मीही हसायची. रागिणी मात्र हसायची नाही. मला वाटायचं, तिचे तीन महिने बुडाले म्हणून. मला ते बरं वाटायचं. पाप म्हण, काही म्हण.

त्याच वर्षी तू ते खुणेचं काम सोडलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "कंटाळा आला." मग दुसरं काहीतरी घेतलंस, त्यात नावही झालं. पण वाटाणे सोलताना थांबलेला हात मी परत पाहिला नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत पोटाचं दुखणं वाढलं तसं कळा थांबवायचं औषधही वाढवावं लागलं. डॉक्टर म्हणाला सवय होते. तू मला हळूच सांगितलंस, "बघ, माझ्या कानांनीही तेच केलं. ऐकेनासे झालेत." आणि हसलीस. मी म्हटलं, हसण्यासारखं काय आहे त्यात. तू म्हणालीस, "तुझी बाजू बरोबर होती असं म्हणायला लावू नकोस, एवढंच." ते आपलं शेवटचं धड बोलणं. पुढच्या दिवसापासून मी तुला हाकाच मारत राहिले. औषध घे विमे, पेज घे, कूस बदल, ऐकतेस का. त्या दुपारी रागिणी काही न बोलता बसली आणि तू डोळे उघडलेस. सारखी हाक आली की कान आत जातात, हे मला तेव्हापासून सुचतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, अक्का, माणूस म्हणजे पेशी नव्हे, भलते धडे काढू नकोस. बरं, नाही काढत.

अग्नी चुलत भाच्याने दिला. पुण्याहून विमानाने आला आणि चौदाव्या दिवशी विमानानेच गेला. रागिणी रोज यायची. तेराव्याला तिने पंगतीत वाढलं. लोक तिलाच विचारत होते, कसं झालं, काय झालं, शेवटी काय बोलल्या. ती सांगत होती. मी श्रीखंडाचं भांडं घेऊन उभी होते आणि ऐकत होते, माझी बहीण शेवटी काय बोलली ते.

भाचा गेला त्या दिवशी दुपारी ती तुझ्या वह्या न्यायला आली. कपाट उघडून जमिनीवर बसली, एकेक वही पदराने पुसत होती. कोणाचं तरी देवघर आवरावं तशी. मला ते सहन झालं नाही. मी दारात उभी राहून म्हटलं,

"वो नमक मैंने जानके डाला था. तुम्हारी प्लेटें बिगाड़ने को."

तिला आधी कळलंच नाही. "कौन-सा नमक, अक्काजी?"

"बरफ में. वो कुल्फीवाला किस्सा. भूल से नहीं था. मुझे मालूम था क्या होगा."

ती वही मांडीवर ठेवून माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ओरडेल. मी तयार होते. तीस वर्षं तयारच होते.

"उस दिन मेरी प्लेटें थीं ही नहीं," ती म्हणाली.

"थीं. विमल बोली थी."

"मुझे बुखार था. मेरी प्लेटें तैयार ही नहीं हुईं. मैं तो बस बरफ लेने दरवाज़े तक आई थी. मैडम ने कहा, बरफ आ ही रहा है तो अपनी रख देती हूँ. वो मैडम की थीं, अक्काजी."

ती सांगत गेली, खाली बघून. तुझ्या त्या पेशी कुठून कुठून मिळवलेल्या होत्या. साठवलेल्या होत्या त्या महिनाभर आधी दोन दिवस वीज गेली तेव्हा खराब झाल्या होत्या. त्या दिवशीच्या प्लेटा शेवटच्या. त्यानंतर नव्या मिळायला वर्ष गेलं असतं, आणि तेवढ्यात बाहेरदेशी दुसऱ्या कोणी ते काम करून छापलं.

मी म्हटलं, "मुझे तो बोली, कंटाळा आया, ऊब गई."

"मैडम?" रागिणी म्हणाली. "ऊबने वाली थीं मैडम?"

मग तिने विचारलं, "उनको मालूम था? कि जानके डाला?"

मी सांगितलं, मला ठाऊक नाही. हेच खरं आहे. तू बोट चाखलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि मग हसलीस. त्या पाहण्यात काय होतं, मला तेव्हा कळलं नाही आणि आता कोण सांगणार? ठाऊक असून हसलीस तर तीस वर्षं मला चारचौघांत झाकत राहिलीस. ठाऊक नसताना हसलीस तर अक्काला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं बुडालेलं काम गमतीची गोष्ट करून सांगत राहिलीस. दोन्हींत मी लहान होते. दोन्हींत तू मला प्लेटा कोणाच्या होत्या ते सांगितलं नाहीस. तिला ते ठाऊक होतं. एका घरात, एका ताटलीतून चटणी खात आपण राहिलो, आणि तुझं काय बुडालं ते जौनपूरच्या मुलीला ठाऊक होतं, मला नव्हतं. बघ, एवढं कळूनसुद्धा माझं मन आधी तिथेच गेलं. सुधारायचं माझं वय नाही.

रागिणीने वह्या पिशवीत भरल्या. मी चहाला विचारलं. "रहने दीजिए," म्हणाली. दारात चपला घातल्या आणि पायाला हात न लावता गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला आठ दिवस झाले. ती आलेली नाही. मी फोन केलेला नाही.

माफी मागत नाही. माफी द्यायला समोर माणूस लागतं. मी केलं, जाणून केलं, ते दुसरीसाठी होतं आणि तुला लागलं. आणि मला कोणी विचारलं असतं, विमलपेक्षा तुला कोण जवळचं, तर मी उत्तर देण्याआधी विचारणाऱ्यालाच दोन ऐकवल्या असत्या. हेही तुला तोंडावर कधी सांगितलं नाही.

आपण दोघी बहिणी. सात वर्षांनी लहान होतीस ती तू गेलीस. थोरली मी, कमल, जिवंत आहे.